‘सुमारे १९७५’ म्हणजे नक्की कधी?

मित्रांनो, पीएच.डी.ची तयारी करताय ना? मग आज पेपर बाजूला ठेवा आणि नसरीन मोहम्मदी (१९३७-१९९०) यांची सत्तरच्या दशकातली रेखाटनं बघा. वाशिममध्ये बसून आपल्याला ती स्क्रीनवरच दिसणार, पण झूम करून बघा.

कागदावर शाई आणि ग्रॅफाइट, एवढंच साहित्य. आडव्या-उभ्या बारीक रेषांची जाळी. पहिल्यांदा वाटतं, हा तर आपला आलेखाचा कागद! पण रेषांमधलं अंतर बदलतं, कुठे रेषा दाट होते, कुठे विरते आणि सपाट कागदाला खोली येते. पट्टी वापरूनही चित्र यांत्रिक होत नाही, हे या कामाचं खरं बळ.

आता खालची नोंद वाचा: ‘शीर्षकहीन, सुमारे १९७५’. नसरीन यांनी आपल्या बहुतेक चित्रांना ना नाव दिलं, ना तारीख. शेवटच्या वर्षांत आजारामुळे त्यांचा शरीरावरचा ताबा कमी होत गेला; १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. म्हणून काही जण लिहितात, की आजार वाढला तशी चित्रं रिकामी होत गेली. वाचायला छान वाटतं. पण चित्र रिकामं दिसतं म्हणून ते उशिराचं मानलं आणि मग ‘उशिराची चित्रं रिकामी आहेत’ असा निष्कर्ष काढला, तर आपण गोल फिरलो की नाही? मला हे पटकन कळलं, कारण माझ्या वहीत तारीख न टाकलेल्या रीडिंगचं मी अगदी हेच केलं होतं. ती रीडिंग्ज शेवटी टाकून द्यावी लागली.

प्रदर्शनांचा इतिहास इथे कामाला येतो, पण मर्यादेत. एखादं चित्र ज्या वर्षी भिंतीवर लागलं, त्याच्या आधी ते काढलेलं असणार; म्हणजे वरची मर्यादा मिळते. २००७ चं कासेलमधलं डॉक्युमेंटा किंवा २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरचं उद्घाटनाचं प्रदर्शन मात्र मृत्यूनंतरची. त्यांतून कीर्ती कशी वाढली ते कळतं, तारीख नाही.

तेव्हा ‘सुमारे’ हा शब्द वगळू नका. तो त्या नोंदीचा एरर बार आहे. आणि हो, आजच्या पानावर तारीख टाकलीत का?