विषाणूचे एक चित्र आणि त्यात नसलेली प्रथिने

राखाडी चेंडू, त्यावर लाल तुरे, मधूनमधून केशरी-पिवळे ठिपके. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रातील ॲलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या चित्रकारांनी 2020 च्या सुरुवातीला तयार केलेले करोनाविषाणूचे हे चित्र पाहिले नाही असा वाचक मिळणे कठीण. वृत्तपत्रांत, दूरचित्रवाणीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, सगळीकडे तेच होते. चित्र म्हणून ते उत्तम आहे. तरीही शिक्षकाच्या नजरेने ते पुन्हा तपासावे असे आम्हाला वाटले, ते एका वर्गामुळे.

आम्ही नववीच्या मुलांना सांगितले, “करोनाविषाणू पेशीत शिरला. पुढे काय होते ते काढून दाखवा.” जवळजवळ सर्वांनी पेशीच्या वर्तुळात तोच काटेरी चेंडू काढला. मग एकाचे दोन, दोनाचे चार. काहींनी तर मधल्या पायरीवर डमरूसारखा आवळलेला चेंडूही दाखवला. जिवाणूचे द्विविभाजन मुलांनी सरळ विषाणूला चिकटवले होते. ही चूक निरुपद्रवी नाही. विषाणू जिवाणूसारखाच वाढतो असे एकदा मनात बसले, की सर्दीवर प्रतिजैविके का चालत नाहीत हे समजावणे फार अवघड होते. पण दोष मुलांना कसा द्यावा? त्यांच्यापुढे दुसरे चित्र होतेच कुठे?

आधी बाहेरच्या रूपाविषयी. विषाणूचा व्यास सुमारे 100 नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. त्याला रंग असण्याचा प्रश्नच नाही. लाल रंग चित्रकारांचा आहे, आणि तेवढी सवलत त्यांना द्यायला हरकत नाही. मात्र खऱ्या कणावर काटे सरासरी 25 ते 40 च्या आसपास असतात आणि ते ताठ नसून बुडाशी बिजागरीसारखे वाकतात. आवरणात सर्वांत जास्त संख्येने असते ते एम प्रथिन. चित्रात ते किरकोळ ठिपक्यांवर भागवले आहे. काट्यांचे महत्त्व ठसवायचे होते, म्हणून हे झाले. खरे तर या कुळाचे नावही एका चित्रावरूनच पडले. 1960 च्या दशकात जून आल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या प्रतिमांत कणांभोवती झालर दिसली. ती खग्रास ग्रहणातील सूर्याच्या प्रभाकिरीटासारखी वाटली, आणि 1968 मध्ये ‘करोना’ हे नाव रूढ झाले.

आमची मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. हे चित्र प्रवासातल्या विषाणूचे आहे. पेशीत शिरताच तो चेंडू मोडतो आणि आत उतरते ते सुमारे 30,000 अक्षरांचे एक आरएनए. फ्लूचा विषाणू नक्कल करणारे विकर स्वतःबरोबर घेऊन येतो. करोनाविषाणूला त्याची गरज पडत नाही. त्याचे आरएनए आपल्या पेशीचे रायबोसोम थेट वाचू शकतात. त्यातला पहिला दोन-तृतीयांश भाग वाचला जातो तेव्हा प्रथिनांची एक प्रचंड लांब साखळी तयार होते. या साखळीतच दोन कात्र्या दडलेल्या असतात, एनएसपी-3 आणि एनएसपी-5. पहिली तीन ठिकाणी कापते, दुसरी अकरा ठिकाणी. अशी जी 16 प्रथिने सुटी होतात, त्यांतले एकही त्या चेंडूच्या बांधणीत नाही.

या प्रथिनांना ‘असंरचनात्मक’ म्हणतात. एनएसपी हे त्याचेच इंग्रजी लघुरूप. हे नाव आम्हाला खटकते. सगळी घडामोड ज्यांच्यामुळे होते त्यांची ओळख ‘चेंडूत नसलेली’ अशी करून देणे म्हणजे बांधकामावरच्या गवंड्यांना ‘भिंतीत नसलेले लोक’ म्हणण्यासारखे आहे.

आणि हे गवंडी एकेकटे काम करतच नाहीत. एनएसपी-12 हे नक्कल करणारे मुख्य विकर. पण एकटे ठेवले तर त्याच्याकडून जेमतेम काम होते. त्याला एक एनएसपी-7 आणि दोन एनएसपी-8 जोडली जातात, तेव्हा कुठे यंत्र चालू होते. 2020 मध्ये शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही रचना उलगडली. एनएसपी-8 चे दोन लांब हात तयार होणाऱ्या आरएनएच्या दुपदरी दोरीला धरून ठेवतात, त्यामुळे इतकी लांब नक्कल करताना यंत्र मध्येच सुटत नाही. एनएसपी-13 पीळ उलगडते. एनएसपी-14 चुकीचे अक्षर कापून टाकते, तेही एनएसपी-10 सोबत असेल तरच नीट. हे मुद्रितशोधन किती मोलाचे? उंदरांच्या एका करोनाविषाणूत ते बिघडवले तेव्हा चुका सुमारे 15 पट वाढल्या, असे 2007 मध्ये दिसले. पोलिओ विषाणूचे आरएनए साडेसात हजार अक्षरांवर थांबते, करोनाचे त्याच्या चौपट लांब आहे. एवढा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहतो त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या जोडीचे.

यंत्राला जागाही लागते. एनएसपी-3, 4 आणि 6 मिळून पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेला मुरड घालून दुहेरी पडद्याच्या पिशव्या बनवतात. नक्कल चालते ती या आडोशाला, पेशीच्या पहारेकऱ्यांपासून दूर. पिशवी बंद, तर नवे आरएनए बाहेर कसे येणार, हे कोडे बरीच वर्षे होते. लायडनच्या संशोधकांना 2020 मध्ये त्या दुहेरी पडद्यात एक छिद्र सापडले. ते सहा भागांचे, मुकुटाच्या आकाराचे आहे आणि त्यात एनएसपी-3 चा वाटा आहे. म्हणजे या विषाणूचा एक मुकुट आतही आहे, फक्त तो कुणी भिंतीवर लावला नाही. दरम्यान एनएसपी-1 रायबोसोमचे तोंड अडवून पेशीच्या स्वतःच्या संदेशांचे वाचन रोखते. विषाणूच्या संदेशांना सुरुवातीलाच एक खूण असते, त्यामुळे ते या नाक्यावरून सुटतात.

या आतल्या मंडळींची ओळख नसली तर औषधेही कळत नाहीत. निरमाट्रेलविर एनएसपी-5 च्या कात्रीत जाऊन बसते. अमेरिकेत डिसेंबर 2021 मध्ये त्याला आपत्कालीन परवानगी मिळाली. रेमडेसिविर एनएसपी-12 च्या कामात खोट घालते. ही दोन्ही लक्ष्ये त्या लाल-राखाडी चित्रात शोधून सापडणार नाहीत.

कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ-चित्रकार डेव्हिड गुडसेल यांचे 2020 चे जलरंगातले चित्र आम्हाला उजवे वाटते. त्यात विषाणूचा छेद आहे. आतले आरएनए आणि त्याला गुंडाळणारे एन प्रथिन दिसते, भोवती श्लेष्मा आणि प्रतिपिंडे यांची दाटी आहे. विषाणू पोकळीत तरंगत नाही, कुणाच्या तरी शरीरात आहे, हे पाहताक्षणी कळते. तरीही तोही प्रवासातलाच विषाणू.

शेवटी आम्हीच फळ्यावर चित्र काढायला घेतले. काटे नाहीत, चेंडू नाही; एक मोठी पिशवी, तिच्यात आरएनएची दोरी आणि तिला बिलगलेली प्रथिने. एका मुलीने विचारले, “पण सर, ही सोळा जर विषाणूबरोबर आलीच नाहीत, तर पहिल्यांदा बनवली कुणी?” रायबोसोम आम्ही खाली कोपऱ्यात बारीकसा काढला होता. तो पुसून मधोमध काढावा लागला.