कॉरोनरची चौकशी : पुराव्याची पट्टी बदलली, पुढे काय?



यंत्राचा दांडा मोडला की आपण प्रयोगशाळेत आधी विचारतो, "का मोडला?" "दोष कोणाचा?" हा प्रश्न वेगळा आहे. इंग्लंड व वेल्समधील कॉरोनरची चौकशी पहिल्या प्रकारची आहे. संशयास्पद, अनैसर्गिक किंवा कोठडीतील मृत्यूत मृत व्यक्ती कोण, ती केव्हा, कुठे व कशी मरण पावली, एवढेच कॉरोनर ठरवतो. नाव घेऊन कोणालाही गुन्हेगार ठरवण्यास २००९ चा कायदा मनाई करतो.

अलीकडचे दोन बदल पाहा.

पहिला, पुराव्याची पट्टी. 'आत्महत्या' किंवा 'बेकायदेशीर हत्या' असा निष्कर्ष काढण्यासाठी पूर्वी फौजदारी खटल्याइतका, म्हणजे वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन खटल्यात तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की दोन्हींसाठी दिवाणी पट्टी, म्हणजे 'अधिक संभाव्य काय' एवढे पुरे. आत्महत्येपुरता हा निर्णय मला योग्य वाटतो. तिथे आता आत्महत्या हा गुन्हा नाही. पट्टी फार कडक ठेवली तर खऱ्या घटना नोंदीबाहेर राहतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. 'बेकायदेशीर हत्या' या शब्दांचे मात्र तसे नाही. नाव घेतले नाही तरी रोख कोणाकडे आहे हे गावाला कळते. तिथे हलकी पट्टी मला खटकते.

दुसरा बदल २०२२ च्या कायद्याचा. वाद नसेल, कुटुंबाची वाजवी हरकत नसेल आणि सार्वजनिक हिताची गरज नसेल, तर सुनावणी न घेता कागदपत्रांवरूनच चौकशी पुरी करता येते. वेळ वाचतो हे खरे. पण दुःखात असलेल्या, वकील नसलेल्या कुटुंबाने हरकत घेतली नाही, म्हणजे त्याला प्रश्नच नव्हते असे मानायचे का?

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. पुन्हा असे मृत्यू होतील असा धोका चौकशीत दिसला, तर कॉरोनरला संबंधित संस्थेला अहवाल पाठवावाच लागतो. संस्थेने ५६ दिवसांत उत्तर द्यायचे असते. मात्र उत्तरातले आश्वासन पाळले गेले की नाही, हे तपासण्याचा अधिकार कॉरोनरला नाही. बिघाडाचे कारण शोधून दुरुस्तीची नोंद न ठेवणारा कारखाना आपण चांगला म्हणू का?

आता आपल्याकडे या. १८७१ च्या कायद्याने कलकत्ता व मुंबईत कॉरोनर होते. मुंबईतले ते पद १९९९ मध्ये संपले. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. कोठडीतील मृत्यूची चौकशी कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकारी करतात. पंचनामा मृत्यूचे दिसणारे कारण आणि जखमा नोंदवतो. "असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?" हा प्रश्न विचारण्याचे बंधन त्यात नाही. इंग्लंडमध्ये तो प्रश्न विचारला जातो, पण उत्तराचा पाठपुरावा होत नाही. आपल्याकडे तो विचारलाच जात नाही.

विचार करा : तुमच्या गावात बांधकामावर मजूर पडून मेला, तर पंचनाम्यात कठड्याबद्दल एक ओळ तरी असेल का? ती ओळ लिहिण्याची जबाबदारी कोणावर असावी?