कराचीची वाट, उमरखेडची वाट : हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या स्मरणग्रंथांतील शस्त्रतस्करी

प्रास्ताविक :

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मराठवाड्यात विपुल लेखन झाले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ, नरहर कुरुंदकरांचे ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मरणिका असा हा मोठा साठा आहे. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांत त्याचा उपयोग प्रामुख्याने इतिहासाचे साधन म्हणून केला जातो. घटना खरी की खोटी, तारीख बरोबर की चूक, एवढ्यावर चर्चा थांबते. कोण सांगतो आहे, कोणासाठी सांगतो आहे आणि कोणत्या साच्यात सांगतो आहे, हे वाङ्मयीन प्रश्न या ग्रंथांना क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात हे प्रश्न एकाच प्रकरणाच्या आधारे विचारले आहेत. १९४८ च्या मध्यास कराची बंदरातून विमाने रात्री उडत आणि निजामाच्या राज्यातील बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवून परत जात. या चोरट्या वाहतुकीचा सूत्रधार सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक होता. परकीय बंदर, रात्रीची उड्डाणे, पाळतीवरचे हेर, खोटी कागदपत्रे ही सामग्री बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाला पूर्ण ओळखीची वाटावी अशी आहे. फरक एवढाच की हे खरोखर घडले आणि त्याची किंमत रहस्यकथेतील पात्रांनी नव्हे, उदगीर, निलंगा, नांदेड, लातूर या भागातील माणसांनी मोजली.

पार्श्वभूमी :

कराचीला ‘परकीय’ म्हणताना थोडे थांबावे लागते. ऑगस्ट १९४७ पूर्वी कराची आणि मुंबई एकाच राज्यसत्तेखालील बंदरे होती. उलट लातूरकराला बार्शीला जाताना राज्याची हद्द ओलांडावी लागे, करोडगिरी नाक्यावर थांबावे लागे आणि हाली सिक्का बदलून कलदार रुपया घ्यावा लागे. ‘परदेश’ ही कल्पना मराठवाड्यातील सामान्य माणसाला समुद्रापलीकडे शोधावी लागत नव्हती. ती त्याच्या शिवारालगत होती. मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाके जाळण्याला जे महत्त्व आले, ते यामुळेच.

निजामाचे राज्य चहूबाजूंनी भूवेष्टित होते. स्वतंत्र राष्ट्र व्हावयाचे तर समुद्राकडे वाट हवी, हे निजामाला उमगले होते. गोव्यातील मुरगाव बंदरासाठी पोर्तुगीजांशी बोलणी करण्याचा प्रयत्न त्यातूनच झाला. तो साधला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला आणि पुढील काही महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकमेकांवर करारभंगाचे आरोप सुरू झाले. हैदराबादने भारत सरकारचे वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. भारताने मालाची नाकेबंदी केली. समुद्राची वाट बंद झाल्यावर आकाशाची वाट शोधली गेली. ती बीदरला उतरली, याची नोंद मराठी वाचकाने विशेष घ्यावयास हवी. त्या वेळच्या बीदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे मराठी तालुके होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे आले आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. तेव्हा ही धावपट्टी कोठे दूर तेलंगणात नव्हती. ती आजच्या लातूर जिल्ह्यातील या तालुक्यांच्या तत्कालीन जिल्हा मुख्यालयाच्या गावी होती.

हेराचा तस्कर होतो तेव्हा :

कॉटनची कथा त्याने स्वतः सांगितली, राल्फ बार्कर यांनी शब्दबद्ध केली आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९६९ मध्ये, ती ‘एव्हिएटर एक्स्ट्राऑर्डिनरी’ या नावाने प्रसिद्ध झाली. शीर्षकातच नायक ठरून गेलेला आहे. १८९४ मध्ये क्वीन्सलंडमध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी ‘सिडकॉट’ नावाचा पोशाख तयार केला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्याने ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी काम केले. व्यापारी म्हणून जर्मनीत विमानाने जायचे आणि विमानाच्या पोटात दडवलेल्या कॅमेऱ्यांनी लष्करी ठाण्यांची छायाचित्रे घ्यायची, असे त्या कामाचे स्वरूप होते. हवाई टेहळणीच्या तंत्रात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे.

आत्मकथन म्हणून या ग्रंथाची अडचण अशी की, जर्मनीवरील उड्डाणे आणि हैदराबादची उड्डाणे यांचा स्वर त्यात एकच आहे. दोन्हीकडे एक हिकमती माणूस, त्याचे चपळ विमान आणि त्याला अडवू पाहणारी मठ्ठ सत्ता. पूर्वी ती सत्ता नाझींची होती, आता ती दिल्लीची झाली. कॉटनच्या मते नाकेबंदीने गांजलेल्या, औषधांनाही मुकलेल्या एका राज्याला तो मदत करीत होता. हा दावा सर्वस्वी खोटा ठरवता येत नाही. नाकेबंदी होती आणि तिची झळ सामान्यांनाही लागली होती. परंतु ज्या राज्याला मदत केली, त्या राज्यातील गावे निवेदकाला दिसत नाहीत. लँकेस्टेरियन जातीच्या विमानातून रात्री खाली पाहिल्यास अंधाराखेरीज काही दिसत नाही, हे मान्य. पण आत्मकथन वीस वर्षांनी दिवसाउजेडी सांगितले गेले आहे. मे १९४८ मध्ये त्याच बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी रझाकारांनी केलेले हत्याकांड त्या वीस वर्षांत कळण्यासारखे होते. जर्मनीत ज्याची नजर इंच इंच भूमी टिपत होती, त्याची नजर येथे फक्त धावपट्टीपुरती उरली. हेराचा तस्कर होताना नेमके काय हरवते, ते या पुस्तकात लेखकाच्या नकळत दिसते.

या प्रकरणाचा कायदेशीर शेवट इंग्लंडच्या न्यायालयात झाला. कॉटनला दोनशे पौंड दंड झाला. पाच-सहा खंडांतून गुंफता येईल अशा साहसकथेला एवढाच पूर्णविराम मिळाला.

पाळतीवरची माणसे :

या तस्करीचा मागोवा घेणाऱ्यांची बाजू कन्हैयालाल मुन्शी यांच्या ‘दि एंड ऑफ ॲन इरा’ (१९५७) मध्ये येते. जानेवारी १९४८ मध्ये मुन्शी भारताचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादला गेले. त्यांचे काम व्यापारी प्रतिनिधीपुरते मर्यादित राहावे, असा निजाम सरकारचा आग्रह होता; प्रत्यक्षात बोलारम येथील त्यांचे निवासस्थान दिल्लीला बातम्या पुरवणारे ठाणे झाले. त्यांच्यावर पाळत होती आणि त्यांचीही इतरांवर पाळत होती. मुन्शी हे गुजरातीतील पहिल्या प्रतीचे ऐतिहासिक कादंबरीकार. ‘पाटणनी प्रभुता’ आणि ‘गुजरातनो नाथ’ लिहिणाऱ्याला दरबारी कारस्थानांची भाषा शिकवावी लागत नाही. त्यांच्या आठवणींत कासीम रझवी, लायक अली, स्वतः निजाम ही माणसे कादंबरीतील पात्रांसारखी प्रवेश करतात, पडद्याआड जातात, पुन्हा येतात. वाचन रंजक होते. पण शंकाही उत्पन्न होते. कानावर आलेली बातमी आणि खात्री झालेली बातमी यांतील अंतर कादंबरीकाराच्या शैलीत पुसट होते. शस्त्रांच्या बाबतीत हे अंतर फार महत्त्वाचे आहे.

याउलट व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथ (१९५६) हा सनदी अधिकाऱ्याचा ग्रंथ आहे. त्यात शस्त्रांच्या चोरट्या आयातीचा विषय खलिते, तक्रारी आणि वाटाघाटी यांच्या ओघात येतो. हा ग्रंथ नीरस आहे, आणि ते या ठिकाणी त्याचे बलस्थान आहे.

लायक अली यांचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले ते कराचीतच. शस्त्रे ज्या शहरातून आली, त्याच शहरातून ती का हवी होती याचे समर्थनही आले, हा योगायोग बोलका आहे. १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचलेला पंतप्रधान आपल्या गेलेल्या राज्याची कैफियत मांडतो आणि ती मांडताना तो सभ्य, संयत आणि पुष्कळदा परिणामकारक आहे. तस्करी हा शब्द त्याला मान्य होणे शक्य नाही. सार्वभौम राज्याने स्वसंरक्षणासाठी केलेली ती खरेदी आहे, अशी त्याची भूमिका. ही भूमिका तर्कदृष्ट्या सुसंगत आहे. तिच्यात एकच खोट आहे : ज्या प्रजेच्या नावाने हे सार्वभौमत्व सांगितले जाते, तिला त्याविषयी कधी विचारलेच गेले नाही.

मराठी स्मरणग्रंथ :

मराठी लेखनात कराचीची वाट आहे, पण ती पार्श्वभूमीला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. स्वामी रामानंद तीर्थ जानेवारी १९४८ पासून पोलीस कारवाई संपेपर्यंत तुरुंगात होते. बाहेरचे कार्यकर्ते सरहद्दीवरील कॅम्पांत होते. त्यांना दिसत होती ती दुसरी वाट : वऱ्हाडातील उमरखेडहून, सोलापूर-बार्शीकडून संस्थानात शिरणारी. त्या वाटेनेही शस्त्रेच येत होती.

आपल्याकडील लेखनाची परीक्षा येथे होते. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक कार्यकर्त्यांनी लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती आली आणि ती लढ्यासाठी, शस्त्रांसाठी वापरली गेली. सरहद्दीपलीकडून आणलेली बंदूक निजामाच्या कायद्यात तितकीच बेकायदा होती, जितकी कराचीहून आलेली भारताच्या दृष्टीने. तरीही मराठी कथनात पहिलीसाठी ‘मिळवली’, ‘जमवली’ अशी साधी क्रियापदे येतात आणि दुसरीसाठी ‘तस्करी’ हे नाम. हा भेद केवळ पक्षपाताचा आहे काय? तसे म्हणता येणार नाही. उमरीच्या कथनात एक तपशील सर्वत्र अभिमानाने सांगितला जातो, तो म्हणजे रकमेचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे सादर केला गेला. हिशेबाची वही हे या कथनाचे नैतिक प्रमाणपत्र आहे. कॉटनच्या कथेत धाडस आहे, पैसा आहे, वही मात्र नाही. मुन्शी किंवा लायक अली यांना सुचला नसता असा हा निकष मराठवाड्यातील ध्येयवादी, शिक्षकी पेशातून आलेल्या पिढीला सुचला. हा भेद टिकतो. पण तो आपोआप टिकत नाही, हे ध्यानी घ्यावयास हवे. बंदूक चालवली गेल्यावर तिचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला, असाही प्रश्न येतो.

कुरुंदकरांच्या विवेचनाचे वेगळेपण येथे जाणवते. लढ्याच्या काळात ते शाळकरी वयाचे होते. पराक्रमाची आठवण सांगण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते. निजामाला रझवीच्या हातचे बाहुले मानण्याची सोपी मांडणी ते स्वीकारत नाहीत. त्याला ते स्वतःचे डाव खेळणारा, धूर्त राजकारणी म्हणून वाचतात. अशा वाचनात कराचीची विमाने एखाद्या साहसी वैमानिकाची करामत राहत नाहीत. वेळ काढण्याच्या एका सुसंगत धोरणाचा तो भाग ठरतो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांनी कथनापेक्षा कारणमीमांसेला महत्त्व दिले आणि या विषयापुरते तरी त्यांचे वाचन सर्वांत टिकाऊ ठरले.

भीतीचे माप :

आता मूळ प्रश्न. कराचीहून आलेल्या शस्त्रांनी काय साधले? लष्करी उत्तर थोडक्यात देता येते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य नळदुर्गच्या बाजूने शिरले आणि १७ सप्टेंबरला सारे संपले. बीदरही त्याच दिवशी ताब्यात आले. हैदराबादच्या सैन्याचे सेनापती एल इद्रूस यांना आपल्या फौजेच्या मर्यादा ठाऊक होत्या. खेडोपाडी दहशत माजवणाऱ्या रझाकारांच्या हाती बहुतांशी भरमार बंदुका, तलवारी आणि भाले होते. म्हणजे गावकऱ्यांनी सोसलेला जुलूम खरा होता, पण तो कराचीच्या पेट्यांवर अवलंबून नव्हता.

मात्र विमानांची वार्ता पसरत होती आणि वार्तेला वजन असते. घराघरांत आधुनिक शस्त्रे दडवली आहेत, हा समज शस्त्रांहून जास्त पसरला. मुन्शींच्या शैलीविषयी वर जी शंका व्यक्त केली, तिचे महत्त्व येथे आहे. पोलीस कारवाईनंतर भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर हे रझवीच्या वकिलीचे गाव. तेथे श्रीमंत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती होती. तेथील हत्याकांड वीसहून अधिक दिवस चालल्याचे आणि हजाराहून अधिक माणसे मारली गेल्याचे समितीने नोंदवले. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी तीन हजार माणसेच गावात उरलेली तिला आढळली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित होता. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीतील नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येऊ लागला.

आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतात आणि झालेही आहेत. रझाकारांच्या अत्याचारांचे महत्त्व त्यांनी उणे होत नाही. परंतु स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मरणिकांत १७ सप्टेंबरला ध्वज फडकतो आणि कथन बहुधा तेथेच थांबते. पुढचे आठवडे निवेदकाच्या वहीत येत नाहीत. कॉटनला धावपट्टीपलीकडचे गाव दिसले नाही, हा आक्षेप न्याय्य आहे. तोच आक्षेप लातूरच्या बाजारपेठेबाबत येथील स्मरणिकांवरही घेता येतो. भालेराव आणि कुरुंदकर यांच्या ग्रंथांसोबत सुंदरलाल अहवालातील लातूरविषयीची ती दोन-चार वाक्ये पदव्युत्तर वर्गांत वाचली गेली, तर विद्यार्थी आपल्याच गावच्या पेठेतील जुन्या दुकानांच्या मालकीविषयी घरी जाऊन विचारू लागतील. ती माहिती सांगू शकणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.