पचमढीचा ‘शोध’ लावणाऱ्याला वाट कुणी दाखवली?

पचमढीला गेला असाल तर तुम्ही हे वाक्य ऐकलंच असेल. जिप्सीवाला सांगतो, हॉटेलातला माणूस सांगतो, पर्यटनाच्या पत्रकातही असतं: कॅप्टन फोरसिथने १८५७ साली पचमढीचा शोध लावला. तिकडे पेरूत, इंका लोकांच्या माचू पिचूला जाणाऱ्यांना असंच एक वाक्य ऐकायला मिळतं. हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २४ जुलै १९११ रोजी हे हरवलेलं शहर शोधलं. दोन्ही वाक्यांमागे एकेक पुस्तक आहे. माझं संशोधन डोंगरातल्या जुन्या पायवाटांवर आहे, त्यामुळे ही दोन्ही पुस्तकं मला पुन्हा पुन्हा उघडावी लागतात, आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो: शोध लागला म्हणजे नेमकं काय झालं?

आधी बिंगहॅम, कारण त्याची गोष्ट सोपी आहे. त्याचं ‘लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज’ १९४८ साली आलं. रहस्यकथेसारखं रचलेलं आहे आणि हातातून खाली ठेववत नाही, हे कबूल करायला हवं. पण कोण काय करतंय ते बघत वाचा. मेल्चोर आर्तेआगा नावाचा शेतकरी एका सोलच्या मजुरीवर त्याला चढावर नेतो. वर दोन-तीन शेतकरी कुटुंबं राहतायत, जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत मका-बटाटे पिकवतायत. त्यांच्यातला एक लहान मुलगा त्याला अवशेषांपर्यंत पोचवतो. भिंतीवर कोळशाने लिहिलेलं आगुस्तिन लिसारागाचं नाव आणि १९०२ हे सालही बिंगहॅमला दिसलं होतं. म्हणजे ‘हरवलेल्या’ शहरात भाजी पिकत होती आणि भिंतीवर नावं लिहून झाली होती! तरी क्रियापद एकाच माणसाच्या वाट्याला आलं. बाकीचे सगळे देखाव्यात गेले.

आता आपला फोरसिथ. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये छापलं गेलं. मध्य प्रांत नुकताच, १८६१ साली, तयार झाला होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. नव्या सरकारला आपल्या हद्दीतली जंगलं, माणसं आणि लाकूड मोजून हवं होतं. पुस्तकातला पचमढीचा प्रवास १८६२ चा आहे. ‘बायसन लॉज’ बांधलं गेलं तेही त्याच वर्षी. मग १८५७ कुठून आलं? पत्रकं एकमेकांवरून उतरवली की साल असं घट्ट होत जातं.

पण सालाचं सोडा. फोरसिथ लेखक म्हणून बिंगहॅमपेक्षा प्रामाणिक आहे, असं माझं मत आहे. पचमढीला कोरकू ठाकूर होता, वस्ती होती, हे तोच सांगतो. महादेवाच्या यात्रेला लोटणारी गर्दीही त्याच्याच पुस्तकात आहे. म्हणजे आपण पहिले नाही याचा पुरावा त्याने स्वतः छापून ठेवलाय. अडचण त्याच्या कानाची आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोची कथा टिपून घेतली होती. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो, ती कथा. हिस्लॉप गेल्यावर रिचर्ड टेंपलने त्यांचे कागद १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. फोरसिथने ती कथा आपल्या पुस्तकात घेतली आणि पद्यात बसवली, तीही लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर! गोंडांचं गाणं अमेरिकन कवीच्या ठेक्यात. वाचायला गोड लागतं, पण ते कोण म्हणायचं, कुठे थांबून म्हणायचं, हे सगळं त्यात गळून गेलंय. माझी या पुस्तकाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. डोळा तयार, कान मात्र इंग्रजी.

आणि इथेच विदर्भातली माणसं येतात. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडला जाणारा महादेवाचा पोहा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. छिंदवाड्याकडून जाणाऱ्या या वाटेवर जुन्नारदेवला एक ठिकाण आहे, त्याला ‘पहिली पायरी’ म्हणतात. पुढे भूराभगत लागतं. शिखर अजून कित्येक कोस दूर, आणि पायरी मात्र इथूनच सुरू! मला हे नाव फार महत्त्वाचं वाटतं. देवळाच्या पायऱ्या देवळाजवळ असतात, पण इथे अख्खी वाटच देवळाचा भाग धरली आहे. योहान राइनहार्ड या अभ्यासकाने माचू पिचूबद्दल असंच काहीसं मांडलंय, की भोवतालचे डोंगर, नदी आणि तिथवर जाणारी वाट वेगळी काढून ते ठिकाण समजत नाही. त्याला ते पुस्तकभर पटवून द्यावं लागलं. आपल्याकडे ते गावाच्या नावात आहे.

नागपंचमीच्या आसपास नागद्वार यात्रा असते. गणेशपेठहून जादा एसटी सुटतात, पावसात निसरड्या वाटा, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, वाटेत मंडळांची जेवणं. हा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून वाट वर्षातून साधारण दहा दिवसच उघडते. इंका ट्रेलवरही मर्यादा आहेत: चार दिवसांची वाट, सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरवर, गाइडशिवाय जाता येत नाही, हमाल-गाइड धरून दिवसाला ५०० माणसं आणि फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद. मर्यादा दोन्हीकडे हवीच. प्लास्टिकचे ढीग पाहिलेला माणूस याला नाही म्हणणार नाही. पण भाषा बघा. तिकडे जाणारा ट्रेकर आणि त्याच्या पायाखालचा रस्ता वारसा. इकडे जाणारा यात्रेकरू म्हणजे गर्दी, आणि त्याची वाट म्हणजे प्रशासनापुढचा प्रश्न. एका पायवाटेला पुरातत्त्व म्हणायचं आणि दुसरीला बंदोबस्त, हे कुठल्या निकषावर?

यात आमच्या विषयाचाही वाटा आहे. जी. आर. हंटर यांनी १९३० च्या दशकात पचमढीच्या ‘डोरोथी डीप’ या शैलाश्रयात उत्खनन केलं. अहवाल १९३५ आणि १९३६ साली आपल्याच नागपूर विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आले. तिथे दगडाची बारकी हत्यारं सापडली, तेव्हापासून हा डोंगर प्रागितिहासाच्या नकाशावर आहे. काम मोलाचंच आहे. पण जागेचं नाव बघा: डोरोथी! आम्ही खड्डा मोजतो, थर मोजतो, भिंतीवरची मध गोळा करणारी माणसं मोजतो. त्या गुहेपर्यंत माणूस कुठून चालत आला असेल, हे बहुतेक वेळा एका ओळीत उरकतो. पाणी, खिंड आणि रात्रीचा आडोसा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसालाही लागत होता आणि पोह्यालाही लागतो. मुक्काम तेच असतील असा माझा दावा नाही, तेवढा पुरावा नाही. पण कुठे तपासायचं याची यादी यात्रेकरूंकडे तयार आहे, आणि ती मागायला आम्ही अजून नीट गेलेलो नाही.

म्हणून सध्या मी फोरसिथचं वर्णन, जुने सर्व्हेचे नकाशे आणि महादेवाच्या गाण्यांत येणारी ठिकाणांची नावं शेजारी शेजारी मांडतोय. गाण्यातला क्रम मला हवाय. कुठल्या ठिकाणानंतर कुठलं येतं, पाणी कुठे आहे, कुठे पोहा थांबतो. तुमच्या घरात आजी, मावशी, आत्या कुणी ही गाणी म्हणत असेल तर शब्द गाळू नका, आणि ‘शुद्ध’ तर मुळीच करू नका. त्या जसं म्हणतात तसं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांचं गाव आणि त्या कुठल्या वाटेने गेल्या होत्या ते विचारून घ्या, आणि त्यांची हरकत नसेल तर मला पाठवा.