बेर्टा पापेनहाइम : देणारीची भाषा

बेर्टा पापेनहाइम या नावाने बहुतेक वाचकांच्या मनात काही उमटत नाही. 'ॲना ओ.' म्हटले की उमटते. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ सालच्या हिस्टेरियावरील पुस्तकातली पहिली रुग्ण ती हीच. तिची खरी ओळख अर्नेस्ट जोन्सने फ्रॉइडच्या चरित्रात १९५३ साली उघड केली, तिच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी. तेव्हापासून तिच्यावर जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे १८८० ते १८८२ या दोन वर्षांच्या आजारपणावर आहे. पुढची ५० हून अधिक वर्षे परिशिष्टासारखी येतात: अनाथाश्रम चालवला, स्त्रियांची संघटना उभी केली, आणि जाता जाता, काही अनुवादही केले. मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे माझे बोट त्या 'जाता जाता'वर अडकले.

ब्रॉयरने लिहिलेल्या वृत्तांतात दोन तपशील आहेत ज्यांच्याकडे मानसशास्त्रवाले फारसे थांबत नाहीत. पहिला भाषेचा. वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करता करता ही मुलगी स्वतःच आजारी पडली आणि तिची जर्मन गेली. काही काळ ती फक्त इंग्रजी बोलत असे. फ्रेंच किंवा इटालियन पुस्तक हातात दिले तर मोठ्याने वाचताना ते सलग इंग्रजीतच वाची. 'टॉकिंग क्युअर' हा जगभर गेलेला शब्दप्रयोगही तिचाच, आणि तोही इंग्रजीतच सुचलेला. दुसरा तपशील असा की आजारपणातही काही गरीब, आजारी माणसांची ती देखभाल करत असे आणि तिला स्वतःला त्याने बरे वाटे, अशी नोंद ब्रॉयर करतो. अनुवाद आणि दानधर्म ही तिच्या पुढच्या आयुष्याची दोन्ही कामे रोग्याच्या कागदपत्रांत आधीच हजर आहेत. तिथे त्यांना लक्षणांच्या शेजारी जागा मिळाली, एवढेच.

१८८८ साली आईबरोबर ती व्हिएन्ना सोडून फ्रँकफुर्टला आली. आधी गरिबांच्या भटारखान्यात काम, मग १८९५ पासून १२ वर्षे ज्यू मुलींच्या अनाथालयाची गृहमाता. याच काळात 'पाउल बेर्टोल्ड' या पुरुषी टोपणनावाने (स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून) तिने लिहायला सुरुवात केली. १८९० चा कथासंग्रह जुन्या बाजारातल्या मोडक्या वस्तूंच्या तोंडून सांगितला आहे. कल्पना गोड आहे, गोष्टी मात्र रडव्या. १८९९ च्या नाटकात पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी भाषणे करतात. त्याच वर्षी तिने मेरी वॉलस्टनक्राफ्टचा स्त्रीहक्कांवरचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला, आणि तिथे तिची लेखणी पहिल्यांदा ताठ उभी राहिलेली दिसते. दुसऱ्याच्या वाक्यात शिरल्यावर स्वतःचा आवाज सापडणारे लेखक असतात. बेर्टा त्यांतली.

१९०४ साली तिने ज्यू स्त्रियांचा संघ स्थापन केला आणि २० वर्षे त्याची धुरा वाहिली. पुढे त्याची सभासदसंख्या ५०,००० च्या घरात गेली. १९०७ मध्ये फ्रँकफुर्टजवळ नॉय-इझेनबुर्गला अविवाहित माता, त्यांची मुले आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी तिने घर काढले. कोशेर स्वयंपाकाचे, शब्बाथ पाळणारे. ज्या मुलींना समाज धर्माबाहेर टाकत होता त्यांच्यासाठी धर्म पाळणारे घर, ही गोष्ट साधी नाही. संघाच्या मागण्यांत ज्यू समाजमंडळांच्या निवडणुकीत स्त्रियांना मत मिळावे, हीही होती. घरोघर फिरून पैसा आणि कपडे गोळा करायचे बायकांनी, आणि कोणाला किती द्यायचे ते ठरवायचे पुरुषांच्या समितीने, या व्यवस्थेला तिने हात घातला.

यासाठी भाषाही हवी होती. हिब्रूत दानाला 'त्सेदाका' म्हणतात आणि त्याचे मूळ 'त्सेदेक', म्हणजे न्याय. घेणाऱ्याचे जे आहे ते त्याला पोचवणे. अरबीतला 'सदका' याच कुळातला. मराठीत मी या शब्दापाशी अनेकदा अडले आहे. 'दान' लिहिले की लगेच पुण्य येते आणि घेणारा सत्पात्र आहे की नाही याची चौकशी सुरू होते. 'खैरात' तर आपण टोमणा मारायलाच वापरतो. 'उपकार' नकोच. जवळात जवळचा शब्द सापडतो तो भिकाऱ्याच्या तोंडी: 'धर्म कर माय'. इथे धर्म म्हणजे हातावर ठेवायची भाकरी, आणि ती मागण्यात थोडी आज्ञाही असते. पण छापील लेखात नुसते 'धर्म' लिहिले तर वाचक भलतीकडे जातो. शेवटी मी 'त्सेदाका' तसाच ठेवते. ही हार आहे हे मला ठाऊक आहे.

बेर्टाने या अडचणीतून काढलेली वाट अनुवादाची होती. संघ उभारणीच्या ऐन धामधुमीत, १९१० साली, तिने ग्लिकलच्या आठवणींचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. ग्लिकल हॅम्बुर्गची व्यापारी ज्यू बाई, १७ व्या शतकातली, बेर्टाची दूरची पूर्वज. १६८९ मध्ये नवरा गेल्यावर रात्रीची झोप येईना म्हणून तिने यिडिशमध्ये मुलांसाठी लिहायला घेतले. मूळ मजकूर छापला गेला १८९६ साली. सुशिक्षित जर्मन ज्यूंच्या लेखी यिडिश म्हणजे बायकांची मोडकीतोडकी बोली, आणि बेर्टाने नेमकी तीच निवडली. पुढे याच भाषेतली बायकांसाठीची बायबलकथाही तिने जर्मनमध्ये आणली.

ग्लिकलच्या पुस्तकात हुंडे, हुंड्या, दिवाळी, बाळंतपणे आणि मधूनमधून नीतिकथा आहेत. १९१३ साली दुसरा जर्मन अनुवाद आला तेव्हा फाइलखेनफेल्डने त्या कथा बऱ्याचशा गाळल्या, कारण त्याला हवा होता इतिहासाचा दस्तऐवज. बेर्टाने त्या राखल्या. नॅटली झेमॉन डेव्हिसने १९९५ मध्ये ग्लिकलवर लिहिताना दाखवून दिले की बाईचा विचार त्या कथांतूनच चालतो. बेर्टाच्या अनुवादक म्हणून केलेल्या निर्णयाला ८५ वर्षांनी मिळालेली ही दाद मी मानते.

मात्र एक गोष्ट खटकते. लिओपोल्ड पिलिखोव्स्की या चित्रकाराकडून तिने स्वतःचे चित्र काढून घेतले ते ग्लिकलच्या वेषात. अनुवादक मूळ लेखिकेचे कपडे घालून उभी! यात प्रेम आहे आणि थोडा ताबाही आहे. हाच ताबा तिच्या प्रवासपत्रांतही जाणवतो. 'सिसिफसचे काम' या नावाने १९२४ मध्ये निघालेली १९११-१२ ची ही पत्रे माझ्या मते तिचे सर्वोत्तम लेखन. सलोनिका, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेक्झांड्रिया. ज्यू मुलींच्या विक्रीचा माग काढत ती हिंडते, इस्पितळे पाहते, मुलींशी बोलते. विकणाऱ्यांत ज्यू पुरुषही आहेत हे ती उघड लिहिते. त्याने ज्यूद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळेल, ही स्वकीयांची तक्रार तिला ऐकावी लागली. वाक्ये तुटक, रागीट, कधी विनोदी. पण मुली मात्र क्वचितच बोलतात. त्यांच्याविषयी बोलते ती बेर्टा. जिची गोष्ट एकेकाळी डॉक्टरांनी सांगितली, तिने मोठेपणी इतर मुलींच्या गोष्टी सांगितल्या, आणि तेही बरेचसे डॉक्टरांसारख्याच खात्रीने.

हे मी निवांतपणे लिहू शकत नाही. २० वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी मी आश्रयाला आलेल्या बायकांच्या मुलाखतींचे इंग्रजी करत असे. एक बाई म्हणाली होती, "जेवायला पोटभर मिळतं, पण खोलीला आतून कडी नाही." अहवालात पूर्वार्ध गेला. देणगीदार वाचतात, असे मला सांगण्यात आले, आणि उत्तरार्ध मी स्वतःच्या हाताने खोडला. म्हणून बेर्टाला नावे ठेवताना माझा आवाज जरा खालीच राहतो.

२८ मे १९३६ रोजी ती नॉय-इझेनबुर्गला गेली. त्याआधी थोडेच दिवस, घरातल्या एका मुलीने हिटलरविषयी काढलेल्या उद्गारावरून, आजारी असतानाही गेस्टापोने तिला चौकशीला बोलावले होते. १९३८ च्या नोव्हेंबरात घराची मुख्य इमारत जाळली गेली; १९४२ मध्ये उरलेल्यांना हद्दपार करून घर बंद झाले. १९५४ साली पश्चिम जर्मनीने 'मानवतेचे साहाय्यक' या मालिकेत तिचे टपाल तिकीट काढले.

सध्या मी ग्लिकलमधला एक उतारा मराठीत करते आहे. यिडिश माझी तोकडी, म्हणून बेर्टाची जर्मन समोर आणि टर्नियान्स्कीच्या आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद बाजूला. ग्लिकलच्या लहानपणी विल्ना भागातून पळालेले ज्यू निर्वासित हॅम्बुर्गला आले, साथीचा आजार घेऊन. इस्पितळ नव्हते. आजाऱ्यांना घरच्या माळ्यावर ठेवले. म्हातारी आजी कोणाचे न ऐकता दिवसातून तीनचारदा जिना चढून त्यांच्याकडे जाई. तिलाही तो आजार लागला आणि ती गेली. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'सेवा करी' होते, दुसऱ्यात 'शुश्रूषा'. आता ते दोन्ही काढले आहेत. 'वर जाई' एवढेच ठेवले आहे.