नाटककार विज्ञानकथेत कधी येणार?

आयझॅक असिमोव्हची १९५४ची एक इवलीशी कथा आहे. भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक दोन घोट पोटात गेल्यावर इंग्रजीच्या प्राध्यापकाला सांगतो, की मी शेक्सपिअरला आपल्या काळात आणला होता. आपल्या नाटकांवर वर्ग चालतात हे ऐकून तो चाट पडला, म्हणून त्याला तुझ्याच वर्गात बसवला. आणि तू त्याला नापास केलंस! २००७ मध्ये ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेने उलटी वाट धरली. तिथे मालिकेचा काळप्रवासी नायक, डॉक्टर, स्वतःच १५९९च्या लंडनला जातो आणि शेक्सपिअरच्या एका हरवलेल्या नाटकाभोवती सगळा भाग रचलेला आहे. इंग्रजी विज्ञानकथेला नाटककाराचं असं वेड आहे.

मराठीत काळाचा प्रवास म्हटला की पहिलं नाव जयंत नारळीकरांचंच. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये प्रत्यक्षात विश्वासरावांना लागलेली गोळी कानाला चाटून जाते आणि इतिहास दुसऱ्या रुळावर पडतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या दुसऱ्या मुंबईत वावरून परततात, तेव्हा बखरीचं एक फाटकं पान त्यांच्या खिशात असतं. ते पान हेच कथेचं खरं बळ. पुराव्याचा एवढासा तुकडा, आणि वाचक हादरतो. पण या कथेचं यश पुढच्यांना जड गेलं असं मला वाटतं. जर-तर म्हटलं की आपली कल्पना आजही रणांगणाकडे धावते. पानिपत, पेशवे, गादी, तलवार. नाटकाचं वेड ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्याच्या विज्ञानकथेने नाटककाराला इतकं दूर ठेवावं, ही उणीव साधी नाही.

वास्तविक शेक्सपिअर आपल्याकडे कालयंत्राविनाच येऊन गेला. येरवड्यातलं डेक्कन कॉलेज पाहा. १८६८पासून त्या दगडी इमारतीत इंग्रजी साहित्य शिकवलं गेलं. टिळक आणि आगरकर तिथलेच विद्यार्थी. आगरकरांनी पुढे ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आणि डेन्मार्कचा राजपुत्र मराठी बोलू लागला. खाडिलकरांनी तर ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये हॅम्लेटची घालमेल आणि ‘ऑथेल्लो’तल्या इयागोचं विष दोन्ही शनिवारवाड्यात आणून सोडलं. शेक्सपिअरचा माणूस १७९५च्या पुण्यात! रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी हे धाडस केलं. गद्य विज्ञानकथा मात्र अजून दबकत आहे.

याच डेक्कन कॉलेजच्या मुळाशी मला एक अख्खी कादंबरी दिसते. १८२१ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली ती दक्षिणा फंडाच्या, म्हणजे पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या, पैशातून. तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. आणि १८५५ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून पाठवलं, ते याच फंडातून पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे. कमिटीने ते नाकारलं. पुढे शतकभर ते छापलंही गेलं नाही. शेक्सपिअरच्या हरवलेल्या नाटकासाठी इंग्रजी लेखक परग्रहावरच्या चेटकिणी उभ्या करतात. आमचं न रंगलेलं नाटक आमच्या हातात आहे, आणि नकार देणारी कमिटीही.

ते नाटक एकदा वाचाच. गरोदर कुणबिणीच्या दारात जोशी येतो, पोटातल्या पोराच्या ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला कर्जात लोटतो. मधूनमधून विदूषक तोंड घालतो आणि प्रेक्षकाला झोपू देत नाही. शेवटी ते जोडपं फुले दांपत्याच्या शाळेत शिकायला निघतं. म्हणजे नाटककार आपल्याच नाटकात, आपल्याच खऱ्या शाळेसह हजर आहे! गो. पु. देशपांड्यांच्या ‘सत्यशोधक’मध्ये फुले रंगमंचावर आले, आणि २०१२च्या सुमारास अतुल पेठे यांनी ते नाटक पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभं केलं. त्या प्रयोगात एकोणिसावं आणि एकविसावं शतक समोरासमोर आलं. तो धक्का मला अलीकडच्या कुठल्याही मराठी विज्ञानकथेत लागलेला नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नारळीकरांनी पानिपतावरची एक गोळी चुकवली. आता कुणीतरी कमिटीचा एक निर्णय फिरवावा. १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ला बक्षीस मिळालं असतं, नाटक छापलं जाऊन गावोगाव खेळलं गेलं असतं, तर? विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला तेव्हा उणीपुरी बारा वर्षं झाली होती. रंगभूमी देवादिकांची होती, बायकांच्या भूमिका पुरुष करत होते. पौराणिक राक्षसांच्या आरोळ्यांना सरावलेल्या त्या प्रेक्षकांपुढे दारिद्र्याने गांजलेली कुणबीण उभी करायची, तर ती भूमिका कोण करणार, कुठल्या मंडळीत, आणि पहिल्या प्रयोगाला तिकीट काढून कोण बसणार? लेखकाला हे पहिल्याच प्रकरणात ठरवावं लागेल.