कडेची जाडी आणि ‘पाय’ची किंमत

वर्तुळाचे क्षेत्रफळ आपण आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून काढायला शिकवतो. निम्म्याहून अधिक भरलेला चौकोन धरायचा, बाकीचे सोडायचे. अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी हेच संगणकावर करून पाहिले. १०० पिक्सेल व्यासाचे वर्तुळ काढले, रंगीत पिक्सेल आज्ञावलीकडूनच मोजून घेतले आणि ‘पाय’ची किंमत काढली. ती आली ३.८ च्या आसपास! सूत्र बरोबर, मोजणी बरोबर. वर्तुळाला शोभेसाठी दिलेल्या १० पिक्सेल जाडीच्या कडेकडे मात्र कोणाचेच, अगदी माझेही, बराच वेळ लक्ष गेले नाही.

ही आज्ञावली पी५.जेएस या विनामूल्य संचाच्या मदतीने लिहिली होती. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली ‘प्रोसेसिंग’ सुरू केले. त्याच धर्तीवर, ब्राउझरमध्ये चालणारा हा जावास्क्रिप्ट संच लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केला. ‘स्ट्रोक’ने कडेचा रंग ठरतो, ‘स्ट्रोकवेट’ने जाडी, ‘नोस्ट्रोक’ने कड नाहीशी होते. नवशिक्याला दोन-चार ओळींत चित्र दिसते. वर्गासाठी याहून सोपे साधन निदान मला तरी माहीत नाही.

कड बसते ती आकाराच्या सीमेवर, निम्मी आत व निम्मी बाहेर. म्हणून १०० चा व्यास ११० झाला आणि क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढले. याला मी दोष म्हणणार नाही. भूमितीतल्या सीमेला जाडीच नसते, तेव्हा लेखणी तिच्या मधोमध ठेवणे रास्तच. तक्रार वेगळी आहे. आपण काहीही न सांगता हा संच प्रत्येक आकाराला एक पिक्सेल जाडीची काळी कड देतो. तेवढ्यानेही हिशेबाने ‘पाय’ ३.२० भरतो! कड पूर्णपणे आत किंवा बाहेर ठेवण्याची थेट सोयही नाही. मापनासाठी ‘नोस्ट्रोक’ लिहावे हे शिक्षकालाच आठवणीने सांगावे लागते.

टोकदार कोपऱ्यांची गंमत निराळीच. दोन बाजूंच्या कडा बाहेर जिथे मिळतील तिथपर्यंत टोक वाढवायचे, हा मूळचा नियम. जाडी २० पिक्सेल आणि त्रिकोणाचा कोन १२ अंश असेल, तर टोक शिरोबिंदूच्या जवळजवळ ९६ पिक्सेल पुढे जाते. कोन ११ अंश करा, टोक एकदम छाटलेले दिसेल! कारण सुमारे साडेअकरा अंशांखाली ब्राउझरचा कॅनव्हास टोक वाढवतच नाही. माऊसने शिरोबिंदू हलवणारा विद्यार्थी इथे आपलेच गणित तपासत बसतो. ‘स्ट्रोकजॉइन’मध्ये गोल कोपरा निवडला की हा प्रकार थांबतो.

आलेख काढताना आणखी एक अडचण येते. ‘स्केल’ने फक्त उभा अक्ष ताणला, तर रेघेची जाडीही त्याच दिशेने ताणली जाते, वक्र कुठे बारीक, कुठे जाड दिसतो. त्यापेक्षा निर्देशकांनाच गुणून घ्यावे आणि ‘स्केल’च्या वाटेला जाऊ नये.